‘पारंपरिक’ गाण्याचे पैसे कोणाला? फोक, रॉक आणि अटलांटिकचे दोन काठ

काजवा

गिटारच्या क्लासला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला एक गाणं येतंच, ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’. ए मायनरपासून सुरुवात, तारा एकेक करून छेडायच्या, दादऱ्यासारखा सहा मात्रांचा झुलता ठेका. शिकवणारे सर सांगतात, "अ‍ॅनिमल्सचं गाणं." विषय संपला.

मध्यंतरी त्या 1964 च्या तबकडीच्या लेबलचा फोटो बघण्यात आला. गाण्याच्या नावाखाली ‘पारंपरिक, मांडणी अ‍ॅलन प्राइस’ अशा अर्थाची बारीक अक्षरातली ओळ. (मांडणी म्हणजे अरेंजमेंट, जुनं गाणं नव्याने बांधणं.) बँडमध्ये माणसं पाच, मग नाव एकट्या ऑर्गनवाल्याचं का? आणि पारंपरिक असेल तर ते आधी गात कोण होतं? हे शोधायला गेलो आणि गुंतत गेलो. जेवढं खात्रीचं वाटलं तेवढं मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

हे गाणं अमेरिकेच्या दक्षिण भागात, अ‍ॅपलाचियाच्या डोंगरपट्ट्यात फिरत होतं. 1933 मध्ये टॉम क्लॅरेन्स अ‍ॅश्ली आणि ग्वेन फॉस्टर यांनी ते रेकॉर्ड केलं. अ‍ॅश्ली म्हणायचा, आजोबांकडून शिकलो. मग 1937 मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स लोकगीतं गोळा करत केंटकीतल्या मिडल्सबरो गावात पोचला. वय बावीस, नोकरी ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ची, सोबत थेट तबकडीवर आवाज कोरणारं अवजड यंत्र. तिथे जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या, खाणकामगाराच्या घरातल्या मुलीने त्याला हे गाणं म्हणून दाखवलं. त्याच भागातल्या बर्ट मार्टिनकडून त्याला आणखी कडवी मिळाली. दोन्ही जोडून लोमॅक्सने 1941 च्या आपल्या पुस्तकात गाणं छापलं, दोघांच्या नावांसकट.

पुस्तकातून ते न्यूयॉर्कच्या गायकांकडे गेलं. जॉश व्हाइट, लेडबेली, वुडी गथ्री सगळ्यांनी ते गायलं. तिथल्याच ग्रीनिच व्हिलेज भागात डेव्ह व्हॅन रॉंक या गायकाने त्याखालचे कॉर्ड बदलले, उतरता खर्ज घातला, आणि गाण्याला आज आपल्याला माहीत असलेला अंधारा रंग आला. ही मांडणी कोवळ्या बॉब डिलनने उचलली. व्हॅन रॉंकने सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: डिलनने येऊन विचारलं, तुझी मांडणी मी रेकॉर्ड करू का? हा म्हणाला, थांब, मीच करणार आहे. त्यावर डिलनचा चेहरा पडला, कारण काम आधीच उरकलं होतं. मार्च 1962 मध्ये डिलनचा पहिला आल्बम आला, त्यात हे गाणं. पुढे व्हॅन रॉंक गायला लागला की लोक म्हणत, डिलनची नक्कल करतोय. दोन वर्षांनी अ‍ॅनिमल्सचं आल्यावर डिलनलाही तेच ऐकावं लागलं. म्हटलं तर न्याय झाला!

अ‍ॅनिमल्स न्यूकॅसलची पोरं. ईशान्य इंग्लंड, कोळसा आणि जहाजं. बँडचा गायक एरिक बर्डन याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने हे गाणं तिथल्याच एका फोक (लोकसंगीत) क्लबात जॉनी हँडलकडून ऐकलं. बँडमधले इतर डिलनच्या रेकॉर्डचं नाव घेतात. मे 1964 मध्ये चक बेरीबरोबर दौरा चालू असताना लंडनला धावती भेट देऊन त्यांनी एका टेकमध्ये ते संपवलं. साडेचार मिनिटांच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या सिंगलसाठी (एका गाण्याच्या छोट्या तबकडीसाठी) फारच लांब. मूळ गाण्यात बिघडते ती मुलगी. ती इथे मुलगा झाली. जुलैत ब्रिटनमध्ये पहिला नंबर, सप्टेंबरमध्ये अमेरिकेत.

आणि लेबल? बाकीच्यांची तक्रार अशी की पाच नावांना जागा नाही, म्हणून एकच टाकू, पैसे नंतर वाटून घेऊ असं ठरलं होतं. प्राइस 1965 मध्ये बँड सोडून गेला आणि मांडणीची रॉयल्टी त्याच्याच नावावर येत राहिली. हिल्टन व्हॅलेंटाइनने वाजवलेली ती सुरुवातीची गिटार जगभर शिकवली जाते, पण त्या ओळीत तो कुठेच नाही. जॉर्जिया टर्नर तर नाहीच नाही. ती पुढे मिशिगनला राहिली, 1969 मध्ये वारली. लोमॅक्सने तिला शोधून थोडे पैसे मिळावेत अशी व्यवस्था केली होती, पण हातात पडलेली रक्कम किरकोळ होती.

माझं म्हणणं इतकंच आहे: मांडणी करणाऱ्याला पैसे मिळाले यात गैर काही नाही, ते कामच आहे. पण ‘पारंपरिक’ लिहिलं की ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव पुसायची सोय होते, आणि ही सोय या सगळ्या संगीताच्या मुळाशी बसली आहे. तुम्हाला माहीत असलेली अशी गाणी सांगा.

रेवती_क

वाचनखूण साठवली. व्हॅन रॉंकचा किस्सा माहीत नव्हता. ते ‘रायझिंग सन’ नावाचं घर न्यू ऑर्लिन्समध्ये खरंच होतं का?

काजवा

दावे बरेच आहेत, तिथले टूर गाइड रोज एक घर दाखवतात. पक्कं काही नाही. वेश्यागृह होतं, तुरुंग होता, असे दोन्ही अर्थ लावले जातात.

तबकडीवाला

काजवा, झकास सुरुवात. माझ्याकडून एलिझाबेथ कॉटनची गोष्ट. तुमच्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

नॉर्थ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय बाई, जन्म 1890 च्या दशकातला. डावखुरी. भावाचा बॅंजो आणि मग स्वतःच्या कमाईतून घेतलेली गिटार, तारा न बदलता उलटी धरून वाजवायला शिकली. म्हणजे अंगठा वरची सुरावट वाजवणार आणि बोटं खर्ज, सगळं आपल्या उलट. लहान वयातच तिने ‘फ्रेट ट्रेन’ रचलं. पुढे लग्न, मूल, चर्च, घरकामं, आणि गिटार कित्येक वर्षं सुटली.

मग वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करताना तिला एक चुकलेली छोटी मुलगी सापडली. तिने मुलीला आईकडे पोचवलं. ती मुलगी पेगी सीगर. म्हणजे संगीततज्ज्ञ चार्ल्स सीगर आणि संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांचं घर, पीट सीगर हा पेगीचा सावत्र भाऊ. कॉटनबाई त्यांच्याकडे घरकामाला लागल्या. भिंतीवर टांगलेली गिटार एक दिवस त्यांनी उतरवली, तेव्हा कुठे घरच्यांना पत्ता लागला की आपल्या स्वयंपाकघरात कोण आहे.

पेगी 1956 मध्ये इंग्लंडला गेली आणि हे गाणं तिथे गाऊ लागली. तेव्हा तिकडे स्किफलची साथ आलेली. 1957 मध्ये चास मॅकडेविटच्या ग्रुपने नॅन्सी व्हिस्कीच्या आवाजात ‘फ्रेट ट्रेन’ काढलं आणि ते जोरात चाललं. पण गाणं नोंदलं गेलं दोन इंग्रज गीतकारांच्या नावावर! इथे तर ‘पारंपरिक’चा आडोसासुद्धा नव्हता. रचणारी बाई जिवंत, ठणठणीत, आणि पेगीच्या माहेरी कामाला. बरीच खटपट झाल्यावर श्रेय तिच्याकडे आलं. पेगीचा भाऊ माइक याने तिची रेकॉर्ड काढली, साठीनंतर बाई मंचावर गेल्या आणि 1985 मध्ये, नव्वदीच्या घरात, ग्रॅमी घेतलं. सीगर मंडळींनी पाठपुरावा केला नसता तर हेही गाणं आज ‘पारंपरिक’ म्हणून ऐकत बसलो असतो.

चहाबाज

स्किफल म्हणजे काय? मला ते काहीतरी खायचं वाटलं.

तबकडीवाला

हसून हसून पुरेवाट. गरिबाघरचा बँड समजा. स्वस्त गिटार, कपडे घासायचा पत्रा (बोटांत अंगुस्तानं घालून तो खरवडायचा), आणि चहाच्या खोक्याला काठी-दोरी बांधून केलेला बास. तुमच्या आयडीला शोभेल असं वाद्य. लॉनी डॉनेगनने 1954 मध्ये लेडबेलीचं ‘रॉक आयलंड लाइन’ असं रेकॉर्ड केलं, 1956 मध्ये ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे गाजलं. त्या लाटेत गल्लोगल्ली पोरांचे ग्रुप निघाले. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननचा ‘क्वॉरीमेन’ त्यातलाच. 6 जुलै 1957 ला वुल्टनच्या चर्चच्या जत्रेत ते वाजवत असताना पॉल मॅकार्टनी भेटला. पुढचं, म्हणजे बीटल्सचं, सांगायला नको.

आणि मूळ गाणं? लेडबेलीने ते 1934 मध्ये आर्कान्सातल्या तुरुंगाच्या शेतावर कैद्यांकडून उचललं. तेव्हा तो जॉन लोमॅक्सबरोबर, म्हणजे अ‍ॅलनच्या वडिलांबरोबर, रेकॉर्डिंग करत फिरत होता. त्या कैद्यांना काय मिळालं हे विचारू नका.

गोंधळी

थोडं उलट बोलतो. धाग्याचा सूर मला फार वकिली वाटतोय. लोकगीत म्हणजेच दुसऱ्याकडून उचलणं. कुणीच उचललं नसतं तर जॉर्जिया टर्नरचं गाणं मिडल्सबरोबाहेर गेलंच नसतं.

वुडी गथ्रीचं ‘धिस लँड इज युअर लँड’ घ्या. 1940 मध्ये ‘गॉड ब्लेस अमेरिका’ रेडिओवर ऐकून ऐकून वैतागला आणि उत्तर म्हणून लिहिलं. चाल कुठली? कार्टर फॅमिलीच्या गाण्याची. त्यांनी ती घेतली चर्चमधल्या भजनावरून. आता यात चोर कोण? डिलनने निम्मी सुरुवातीची गाणी जुन्या चालींवर बेतली. ‘ब्लोइंग इन द विंड’मागे ‘नो मोर ऑक्शन ब्लॉक’ आहे, गुलामीतून सुटलेल्यांचं गाणं, आणि हे त्याने स्वतःच सांगितलंय. रॉयल्टीचा हिशेब आधी मांडला असता तर यातलं एकही गाणं जन्माला आलं नसतं.

काजवा

गोंधळी, गाणं उचलण्यावर माझा आक्षेप नाहीच. उचलणं कोणाला परवडलं आणि कोणाला नाही, हा प्रश्न आहे.

तुम्ही कार्टर फॅमिलीचं नाव काढलंत ते बरं झालं. ऑगस्ट 1927 मध्ये व्हर्जिनिया-टेनेसीच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. ए. पी. कार्टर, बायको सारा आणि भावजय मेबेल तिथे पहिल्यांदा गायले. पुढे कंट्री संगीतात गाजलेला जिमी रॉजर्सही त्याच मुक्कामात सापडला. पीअरची अक्कल वेगळी होती. त्याला नुसता आवाज नको होता, स्वामित्वहक्क नोंदवता येईल असं गाणं हवं होतं. म्हणजे जुनंच, पण थोडं बदललेलं. प्रकाशनाचे हक्क त्याच्या कंपनीकडे, गायकाला त्यातला वाटा.

झालं, ए. पी. कार्टर डोंगरांत गाणी शोधत फिरू लागला. सोबत लेस्ली रिडल, एक कृष्णवर्णीय गिटारवादक. कामाची वाटणी अशी की ए. पी. शब्द उतरवून घेणार आणि रिडल चाल डोक्यात साठवणार. काळ्या वस्त्यांमध्ये ए. पी.ला दार उघडायचं ते रिडलमुळे. मेबेलच्या वादनावरही त्याचा हात फिरलेला आहे. गाणी नोंदली गेली ए. पी. कार्टरच्या नावावर. रिडलने गिटार सोडून दिली होती, 1960 च्या दशकात माइक सीगर त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा कुठे लोकांना तो कळला.

हे सगळे एकाच ओसरीवर बसून एकमेकांची गाणी उचलत होते हे खरं. कागदावर सही करायला मात्र एकालाच आत बोलावलं.

गोंधळी

रिडलचं माहीत नव्हतं. तरी माझं मत कायम. गथ्रीने चाल घेतली म्हणून कार्टरांचं काही बिघडलं नाही.

उत्तरध्रुव

मी यॉर्कशायरात राहते, इथल्या फोक क्लबात अधूनमधून जाते. पबच्या मागच्या खोलीत वीस-पंचवीस डोकी, निम्मी सत्तरीपुढची, माइक नाही. कोणी गायला उभं राहिलं की आधी सांगतं, हे अमक्याकडून शिकले. इथे तो शिष्टाचारच आहे. त्यामुळे काजवांचा मुद्दा पटतो, पण याची दुसरी बाजूही सांगते.

इंग्लंडमध्ये ही गाणी ‘सापडली’ म्हणतात ती 1903 मध्ये. सेसिल शार्प नावाचे लंडनचे संगीतशिक्षक सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी मित्राकडे उतरले होते. तिथल्या पाद्र्याच्या बागेत माळी काहीतरी गुणगुणत होता, ते यांनी टिपून घेतलं. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड, कथेत शोभेल असंच, पण खरं. पुढे 1916 ते 1918 शार्प आणि मॉड कार्पेलिस अ‍ॅपलाचियात फिरले आणि सुमारे 1,600 चाली घेऊन आले. त्यांना तिथे पाठवलं कोणी? ऑलिव्ह डेम कॅम्बेल या बाईंनी, ज्या आधीपासून तिथे गाणी गोळा करत होत्या. पहिल्या पुस्तकावर त्यांचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी शार्पच.

शार्पना डोंगरात जुनं इंग्लंड शोधायचं होतं, तेवढंच त्यांना दिसलं. काळे गायक बहुतेक वगळले. बॅंजो आफ्रिकेहून आलेल्या लोकांचं वाद्य, त्याचीही फारशी दखल नाही. इंग्लंडातल्या गाण्यांचे चावट शब्द शाळेत चालणार नाहीत म्हणून सौम्य करून छापले. म्हणजे नाव टिपून घेणारा माणूससुद्धा काय टिपायचं नाही हे ठरवतोच.

आणि मग युआन मॅककॉल! कम्युनिस्ट, नाटकवाला, जबरदस्त गीतकार. याच्या लंडनच्या क्लबात नियम होता की गायकाने आपल्या भाषेतलं, आपल्या मुलखाचंच गाणं म्हणायचं. पेगी सीगरने (हीच ती, पुढे मॅककॉलची जोडीदार) नंतर सांगितलं की याची सुरुवात तिच्या हसण्यातून झाली. कोणी लंडनचा पोरगा लेडबेलीचं गाणं म्हणत होता आणि तिला हसू आवरेना. नियम बनवणारा मॅककॉल मात्र सॅलफर्डचा जिमी मिलर, आईबापाच्या स्कॉटिश बोलीत गाणारा! त्या कडकपणाला कंटाळून बरीच तरुण मंडळी बाहेर पडली. पण बिल ब्रूंझी किंवा लेडबेली या अमेरिकन गायकांची नक्कल करण्यापेक्षा आपल्या आजीचं गाणं शोधा, हे त्यानेच डोक्यात भरवलं हेही खरं.

रेवती_क

उत्तरध्रुव, मस्त. ‘स्कारबरो फेअर’ तुमच्याच भागातलं ना? त्याच्यावरूनही भांडण होतं असं ऐकलंय.

उत्तरध्रुव

हो, स्कारबरो इथलंच, समुद्रकिनाऱ्यावरचं. आता जत्रा वगैरे काही नाही, चिप्स आणि बोचरा वारा.

गाण्याचा प्रवास असा. 1947 मध्ये मॅककॉलला मिडलटन-इन-टीसडेल इथे मार्क अँडरसन या निवृत्त शिसेखाण कामगाराकडून हे मिळालं. मॅककॉल-सीगर यांच्या गाण्यांच्या पुस्तकातून ते मार्टिन कार्थी या इंग्रज फोक गायकाने घेतलं आणि गिटारची स्वतःची साथ बांधली. ती साथ म्हणजेच गाण्याचा अर्धा जीव. लंडनला आलेल्या डिलनने कार्थीकडून ते ऐकलं आणि ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ केलं. पण आल्बमच्या मागच्या मजकुरात कार्थीचं नाव आहे. मग अमेरिकन गायक पॉल सायमन आला. तोही तेव्हा इंग्लंडच्या क्लबांत गात फिरत होता. 1966 च्या आल्बमवर सायमन-गारफंकलचं ‘स्कारबरो फेअर’ आलं. त्यात सायमनने स्वतःच्या एका जुन्या युद्धविरोधी गाण्याची दुसरी सुरावट गुंफली आहे, ते काम सुंदरच आहे. पण श्रेय फक्त दोघांचं. ना ‘पारंपरिक’, ना कार्थी. मग ‘द ग्रॅज्युएट’ सिनेमात वाजलं आणि जगभर गेलं.

कार्थी बरीच वर्षं दुखावलेला होता. 2000 साली सायमनने लंडनच्या कार्यक्रमात त्याला मंचावर बोलावलं, दोघांनी मिळून ते गायलं. कार्थी नंतर त्याबद्दल शांतपणे बोलायचा, आणि हेही म्हणायचा की गाणं माझं कुठे होतं.

मार्क अँडरसनसाठी कोणी भांडलं नाही हे नोंदवून ठेवते.

चहाबाज

म्हणजे डिलनने नाव छापलं आणि सायमनने नाही. गोंधळी, आता?

गोंधळी

आता चहा घ्या. :)
बरं, सायमनबद्दल सहमत. एक ओळ छापायला काय जात होतं.

सहजच

जाता जाता, ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता आणि तिथेच त्याचा ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड. धाग्याशी संबंध नाही, पण साताऱ्याचा अभिमान.

आडवाट

सहजच, संबंध लावायचाच तर मुंबईचा लागतो. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसनने फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ सिनेमाचं संगीत रेकॉर्ड केलं आणि त्याच बैठकीत ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. मार्चमध्ये ते बीटल्सच्या सिंगलची मागची बाजू म्हणून आलं. लेबलवर बीटल्स आणि हॅरिसन, वाजवणारे कुठेच नाहीत. 1972 मध्ये लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज (गिटार) आणि रॉबर्ट प्लांट (गायक) मुंबईतल्या वादकांबरोबर दोन गाणी करून गेले, ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं.

पेजचंच आणखी एक. लेड झेपलिनच्या 1969 च्या पहिल्या आल्बमवर ‘ब्लॅक माउंटन साइड’ आहे, तबल्यावर विराम जसानी. श्रेय: जिमी पेज. आता बर्ट जॅन्श या स्कॉटिश गिटारवादकाचं 1966 चं ‘ब्लॅकवॉटर साइड’ लावा आणि एकामागून एक ऐका. गिटार जवळपास तीच. जॅन्शला गाणं अ‍ॅन ब्रिग्सने शिकवलं, तिला लोकगीतांचा अभ्यासक ए. एल. लॉइडने. जॅन्शच्या बाजूने कोर्टात जायचा विचार झाला होता, पण मूळ चाल पारंपरिक, त्यामुळे नेमकं काय चोरलं हे सिद्ध करणं अवघड, म्हणून बारगळला. काजवांनी सांगितलेल्या सोयीची ही दुसरी बाजू. ‘पारंपरिक’ असल्यामुळे प्राइसला मांडणीचे पैसे मिळाले, आणि ‘पारंपरिक’ असल्यामुळेच जॅन्शला मांडणी वाचवता आली नाही.

काजवा

आडवाट, हा मुद्दा जबरी आहे. मांडणीला किंमत किती, हे गाणं कोणाच्या कंपनीकडे आहे त्यावर ठरलं असं दिसतं.

एचएमव्हीचं उदाहरण मात्र मी वेगळं धरेन. तिथे वाद्यसंगीत हॅरिसनने बांधलं, वादक मानधनावर आले. श्रेयनामावलीत नाव हवं होतं हे मान्य, पण गाणं त्यांच्याकडून घेतलं असं नाही.

तबकडीवाला

एवढं बोललो आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन कोणी काढलंच नाही? मग मीच.

1967 मध्ये लंडनच्या उपनगरातली ही मुलं अमेरिकन गाणी वाजवत होती. डिलन, जोनी मिचेल. मग 1968 मध्ये ‘द बँड’चा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ आला. यांना तो ऐकून धक्का बसला. त्यातले लोक (बहुतेक कॅनडाचे, ही आणखी एक गंमत) अमेरिकेच्या मातीतलं इतक्या सहज वाजवतात की आपण ते कधीच तसं वाजवू शकणार नाही. मग आपली माती कुठली? सँडी डेनी नुकतीच फोक क्लबांमधून बँडमध्ये आली होती. तिने ‘अ सेलर्स लाइफ’ आणलं. अकरा मिनिटांचं, एका सुरावर तरंगत वाढत जाणारं, डेव्ह स्वॉरब्रिकच्या फिडलसकट. आपल्या कानांना ते आलाप-जोडासारखं वाटेल, ऐकाच.

12 मे 1969 ला बर्मिंगहॅमचा कार्यक्रम संपवून परतताना एम-1 महामार्गावर त्यांची व्हॅन उलटली. ड्रमर मार्टिन लॅम्बल एकोणीस वर्षांचा होता, तो गेला. गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. बँड संपलाच होता. परत उभं राहायचं ठरलं तेव्हा अपघाताआधीची आपली गाणी वाजवायची नाहीत एवढं नक्की झालं. हॅम्पशायरात एक घर घेऊन त्या उन्हाळ्यात सगळे एकत्र राहिले. बासवाला अ‍ॅशली हचिंग्स लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात बसून जुने बॅलड (कथा सांगणारी लोकगीतं) खणू लागला. शार्पवर कितीही टीका करा, ते कागद तिथे होते म्हणून हे झालं. डिसेंबर 1969 मध्ये ‘लीज अँड लीफ’ आला. ‘टॅम लिन’, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’. परीकथा, व्यभिचार, खून, आणि खाली रॉकचा ड्रम. इंग्लंडला स्वतःचं रॉक मिळालं ते इथे, असं माझं स्पष्ट मत.

आणि धाग्याच्या विषयासाठी मुद्दाम: ‘मॅटी ग्रोव्ह्ज’चे शब्द सतराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये छापलेले सापडतात. हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्डने 305 बॅलडचा जो संग्रह केला त्यात हे 81 वं. पण फेअरपोर्टने ज्या चालीवर ते गायलं ती अ‍ॅपलाचियातल्या ‘शेडी ग्रोव्ह’च्या अगदी जवळची आहे. म्हणजे अमेरिकन नक्कल सोडून आपलं शोधायला निघालेल्या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची चाल अमेरिकेहून आलेली!

उत्तरध्रुव

तबकडीवाला, सँडी डेनीसाठी धन्यवाद. झेपलिनच्या ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये प्लांटबरोबर गाणारा आवाज तिचाच, हे नव्या मुलांना सांगायला हवं. 1978 मध्ये एकतिसाव्या वर्षी गेली. फेअरपोर्ट मात्र चालूच आहे, ऑगस्टमध्ये क्रॉप्रेडीला शेतात त्यांचा मेळा भरतो. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ सुरू झालं की एकोणीस कडवी पाठ असलेले लोक भोवताली सापडतात.

रेवती_क

मग अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली म्हणून एवढा दंगा का झाला? इथे तर सगळेच मिसळतायत.

आडवाट

25 जुलै 1965. बँडबरोबर तीनच गाणी झाली. आरडाओरडा कशासाठी झाला यावर आजही वाद आहे. विजेच्या गिटारसाठी, खराब आवाजासाठी, की कार्यक्रम एवढ्यात आटपला म्हणून? पीट सीगर कुऱ्हाडीने वायर तोडायला निघाला ही दंतकथा. तो स्वतः म्हणायचा की शब्द ऐकू येत नव्हते म्हणून कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती असं ओरडलो. खरा संताप इंग्लंडमध्ये दिसला. मे 1966, मँचेस्टर फ्री ट्रेड हॉल, प्रेक्षकांतून कोणीतरी ‘जुडास!’ (येशूचा घात करणारा शिष्य, म्हणजे गद्दार) ओरडलं. मॅककॉलसारख्यांनी तयार केलेला तो श्रोता. त्या लोकांसाठी फोक म्हणजे कामगारांची बाजू होती, आणि विजेची गिटार म्हणजे बाजार. त्यांचा राग मला वेडगळ वाटत नाही, पण संगीत त्यांच्या बाजूने नव्हतं.

तबकडीवाला

जाता जाता ‘गुडनाइट आयरीन’. लेडबेली डिसेंबर 1949 मध्ये वारला, जवळजवळ कफल्लक. 1950 मध्ये ‘वीव्हर्स’ या फोक ग्रुपने हे गाणं काढलं आणि तेरा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. श्रेय लेडबेली आणि जॉन लोमॅक्स या दोघांचं. लोमॅक्स थोरल्यांनी त्यात काय रचलं ते तेच जाणोत. लेडबेली सांगायचा, काकांकडून शिकलो. पुढे संशोधकांना 1886 चं छापील गाणं मिळालं, गसी डेव्हिस नावाच्या कृष्णवर्णीय गीतकाराचं. ध्रुवपद बरंचसं तेच. त्याचं नाव चौसष्ट वर्षांत गळून पडलं होतं.

गोंधळी

हे मात्र लागलं. म्हणजे मी ज्याला सगळ्यांचं म्हणत होतो ते एका माणसाने बसून लिहिलेलं होतं. तरीही काकांनी बदललेलं, लेडबेलीने बदललेलं आणि वीव्हर्सनी गोड केलेलं, यातलं नक्की कुठलं गाणं डेव्हिसचं, हा प्रश्न राहतोच.

चहाबाज

ब्लूज गीतकार विली डिक्सन आणि झेपलिनचं भांडण कोणी लिहिणार का? ‘होल लोटा लव्ह’वाली केस.

काजवा

ते ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचं, प्रकरण आहे. तिथे लेखक जिवंत होता, 1985 मध्ये दावा लावला, कोर्टाबाहेर मिटलं आणि आता नाव छापतात. त्यात चेस रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी, शिकागो, सगळंच येतं, इथे कोंबलं तर धागा शंभरीपार जाईल. वेगळा काढतो. तबकडीवाला, तुमच्याकडे शिकागोचं काय काय आहे ते व्यक्तिगत निरोपाने कळवा.

तबकडीवाला

केलाय. मडी वॉटर्सपासून सुरू करा, डिक्सन मग आपोआप येतो.